फेरतपासणी

मला अंधारात नीट दिसत होतं आणि उजेडात दिसत नव्हतं. हे मी दीड वर्षात तीन डॉक्टरांना सांगितलं. पहिल्यानं केसपेपरवर लिहिलं, ‘रात्री कमी दिसते.’ मी म्हटलं, उलट आहे. तो म्हणाला, “तेच ते.”

दिवसा रस्त्यावर पाऊल टाकलं की समोरून येणाऱ्या माणसाचा चेहरा पांढऱ्या धुरात बुडालेला असायचा. कान आणि खांदे तेवढे शिल्लक राहायचे. संध्याकाळी, दिवे लागायच्या आधीच्या अर्ध्या तासात, चेहरे परत यायचे. आमच्या गल्लीतल्या बायकांचं मत पडलं की हिला हल्ली शिंगं फुटलीत, सकाळी ओळख देत नाही आणि संध्याकाळी गोड हसते.

एवढंच असतं तर मी गप्प बसले असते. पण माझं काम डोळ्यांचं होतं.

आमच्या प्रयोगशाळेत तापाच्या रुग्णांचं रक्त येतं. रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पसरायचा, जांभळ्या रंगात बुडवायचा, वाळवायचा आणि मायक्रोस्कोपखाली ती स्लाइड पाहायची. मलेरियाचा जंतू लालपेशीच्या आत एका बारीक खड्याच्या अंगठीसारखा दिसतो. रंग नीट गाळलेला नसेल तर रंगाचे कणही साधारण तसेच दिसतात. हा फरक ओळखता येण्यात आमचं सगळं शिक्षण आलं. स्लाइडचे शंभर भाग पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही, हा पहिला नियम. दुसरा नियम असा की माझ्या हाताखालच्या तिघा तंत्रज्ञांनी वाचलेल्या स्लाइडींपैकी सगळ्या पॉझिटिव्ह आणि दहातली एक निगेटिव्ह मी पुन्हा वाचायची. त्यांच्या आणि माझ्या वाचनात फरक पडला तर माझं वाचन खरं. संध्याकाळी रिपोर्ट जायचा तो माझ्या सहीनं. माझ्यानंतर कोणी वाचत नसे. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, बावीस वर्षांत तो आपोआप पडला होता.

तिघांतली एक धाकटी. नोकरीला लागली तेव्हा वयानं सगळ्यांत लहान होती, म्हणून तिला धाकटी म्हणायला लागले. आता तिची चाळिशी उलटली, मुलगी कॉलेजात जाते, तरी ती धाकटीच आहे. तिला मायक्रोस्कोप मी शिकवला.

धूर दिसायला लागला तेव्हा मी मायक्रोस्कोपवर संशय घेतला. असा धूर कुठून येतो हे शोधायची एक पद्धत आहे. डोळा लावायची नळी बोटांनी फिरवायची. डाग तिच्याबरोबर फिरला तर घाण तिच्या काचेवर. स्लाइड सरकवायची, डाग सरकला तर स्लाइडवर. मग खालचं भिंग बदलायचं, मग दिव्यावरची काच. ही पद्धत मी दर वर्षी नव्या मुलामुलींना फळ्यावर काढून शिकवत असे, घाणीच्या चार जागा. मी चारही तपासल्या. धूर कशाबरोबरच हलला नाही. त्यावरून मी निष्कर्ष काढला की मायक्रोस्कोपच्या पोटातल्या काचेवर बुरशी आली आहे.

सर्व्हिसवाल्यानं येऊन यंत्र खोललं, पुसलं, बंद केलं. पंधरा दिवसांनी मी परत बोलावलं. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्यानं स्क्रू-ड्रायव्हर बाहेरच काढला नाही.

“बाई, आत काही नाही. आरशासारखं लख्ख आहे. जरा दुसऱ्या कुणाला बसवून बघा ना.”

मी त्याच्या कंपनीला लेखी तक्रार केली की तुमचा माणूस उद्धटपणे बोलतो. पुढच्या वेळी दुसराच माणूस आला.

दिवा मंद केला की धूर थोडा विरायचा, हे मला लवकर कळलं. पण मंद दिव्यात रंग एकमेकांत मिसळतात. लाल आणि जांभळा वेगळे राहत नाहीत. म्हणजे मंद दिव्यात मला पेशी दिसायच्या आणि आतली अंगठी दिसायची नाही, आणि प्रखर दिव्यात काहीच धड दिसायचं नाही. या दोन्हींच्या मधे कुठेतरी दिवा ठेवून मी रोज तीस-पस्तीस स्लाइडी वाचत होते आणि सही करत होते.

त्या काळात धाकटीच्या आणि माझ्या वाचनात फरक पडायला लागले. ती पॉझिटिव्ह लिहायची, मी खोडून निगेटिव्ह करायची आणि बाजूला लिहायची, ‘रंगाचे कण.’ एकदा ती स्लाइड घेऊन माझ्या टेबलाशी आली.

“ताई, ही परत बघा ना. मी पेनानं ठिपका केलाय. त्याच्या शेजारी दोन आहेत, एकदम सुबक.”

मी पाहिलं. दुधात जांभळी शाई सांडल्यासारखं काहीतरी होतं.

“रंग गाळून घेत जा,” मी म्हटलं.

“गाळलेलाच आहे. सकाळी मीच गाळला.”

“मग डोळे तपासून घे.”

ती हसली, तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मी चेष्टा करत नव्हते. दोन दिवसांनी ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून खरंच गेली. परत आली तेव्हा चष्म्याच्या दुकानाची पावती माझ्यापुढे ठेवली. “नंबर तोच आहे, ताई. काही निघालं नाही.” मी “बरं” म्हणाले आणि रजिस्टर पुढे ओढलं.

पाच महिन्यांत असे नऊ फरक पडले. बाकी दोघांच्या वाचनात फरक पडत नव्हते, आणि तो मला धाकटीविरुद्धचा पुरावा वाटत होता. खरं कारण मला फार नंतर कळलं. शंका आली की ते दोघे निगेटिव्ह लिहून मोकळे होत होते. मला पटेल असं लिहायला ते शिकले होते.

प्रयोगशाळेच्या प्रमुखांनी, आमच्या सरांनी, आकडे पाहिले. फरकाचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेबाहेर गेलं होतं. त्यांनी मला बोलावून विचारलं, “तुमचीच चेली आहे. काय करायचं?”

“थोडे दिवस खिडकीवर बसवा,” मी म्हटलं.

खिडकी म्हणजे रुग्णांचं रक्त घ्यायची जागा. बोट टोचायचं, थेंब घ्यायचा, नंबराची चिठ्ठी चिकटवायची. शिकाऊ लोकांचं काम. शिपाई म्हणाला, “धाकटीबाईंना खिडकी मिळाली, आता हवा खात बसा.” सगळे हसले, तीही हसली. महिनाअखेरीपर्यंत ती मायक्रोस्कोपवर होती, त्यात आणखी दोन फरक पडले, एकूण अकरा. मग ती खिडकीवर गेली आणि आमचा एकत्र चहा बंद झाला.

मला माहीत होतं का? याचं उत्तर मी पुष्कळदा शोधलं आहे. खात्री नव्हती. संशय होता. संशय आला की तो तपासायचा असतो, हे फळ्यावर लिहून देणारी मी, आणि मी तो तपासला नाही.

डॉक्टरांकडे गेले नाही असं नाही. पहिल्याचं सांगितलंच. त्याच्या अंधाऱ्या खोलीत मी तक्त्यावरची शेवटची ओळ खडखड वाचली. तो म्हणाला, नजर उत्तम आहे, चाळिशी सगळ्यांनाच लागते, आणि वाचायचा चष्मा दिला. दुसऱ्याकडे नवरा बरोबर आला. तिथेही अंधारी खोली, तोच तक्ता, तीच शेवटची ओळ. मग डॉक्टर माझ्याकडे न बघता नवऱ्याशी बोलायला लागला.

“मॅडमना झोप लागते का नीट?”

“झोपते ना. घोरते सुद्धा,” नवरा म्हणाला.

“ह्या वयात बायकांना असं वाटतं कधीकधी. डोळे कोरडे पडतात. थेंब देतो.”

तिसरे आमचे घरचेच डॉक्टर, माझ्या दम्याची औषधं देणारे. त्यांनी नाडी पाहिली, दम्याच्या गोळ्या पुन्हा लिहून दिल्या आणि म्हणाले, “तुम्ही शिकलेली माणसं विचार फार करता.” त्यानंतर कोणी विचारलं की मी “बरं आहे आता” म्हणून सांगायला लागले. चौथ्यांदा तेच ऐकून घ्यायची लाज वाटत होती.

घरात एकटीनं बरोबर ओळखलं होतं, माझ्या सासूबाईंनी. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत आणि दहा वर्षांपूर्वी त्यांचे दोन्ही मोतीबिंदू काढलेले आहेत. मी खिडकीकडे पाठ करून भाजी निवडते, हे त्यांनी हेरलं.

“तू दुधातून बघतेस,” त्या एकदा म्हणाल्या. “मलापण अस्संच व्हायचं.”

“आई, मोतीबिंदू तुमच्या वयाला होतो. मी सत्तेचाळीसची आहे.”

“तू डॉक्टर आहेस का?”

“नाही. पण थोडंफार शिकलेली आहे.”

“हो ना,” त्या म्हणाल्या, “तेच तर.” आणि माझ्या पुढ्यातली भाजी ओढून त्यातले किडके दाणे काढायला लागल्या.

मग एका मंगळवारी शाळेची बस चालवणारा एक माणूस बायकोच्या खांद्यावर हात टाकून खिडकीशी आला. धाकटीनं त्याचं रक्त घेतलं. तासाभरानं बाकी दोघांतल्या एकानं स्लाइड वाचली आणि तो खुर्चीवरून उठूनच ओरडला. प्रत्येक भागात दहा-दहा जंतू होते. बसवाल्याला तिथूनच दवाखान्यात भरती केलं.

दुपारी धाकटी आत आली. किती दिवसांनी माझ्या टेबलाशी आली होती. तिनं दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. नाव एकच होतं. एक चिठ्ठी आजची, एक पाच आठवड्यांपूर्वीची, तिच्या मायक्रोस्कोपवरच्या शेवटच्या आठवड्यातली.

“हा तोच, ताई,” ती म्हणाली. “तुमच्या रंगाच्या कणांवाला.”

“नव्यानंही लागण होऊ शकते,” मी म्हटलं.

“होऊ शकते ना,” ती म्हणाली आणि परत खिडकीवर गेली.

दुसऱ्या दिवशी मी चौथ्या डॉक्टरकडे गेले. का गेले ते सरळ सांगते. मला बरं व्हायचं नव्हतं; मला सर्टिफिकेट हवं होतं. उद्या धाकटी सरांकडे गेलीच, तर माझे डोळे उत्तम आहेत असा सही-शिक्क्याचा कागद माझ्याकडे हवा होता. तक्ता मी वाचेनच, हे मला माहीत होतं.

ही डॉक्टर बाई निवृत्तीला आलेली, सावकाश बोलणारी होती. बाहेर बाकांवर वीसएक माणसं बसली होती, तरी तिला घाई नव्हती. अंधाऱ्या खोलीत तिनं तक्ता दाखवला. मी शेवटची ओळ वाचली.

“छान,” ती म्हणाली. “काय त्रास होतोय?”

“काही नाही. नजर चांगली आहे असं लिहून हवंय. कामासाठी.”

तिनं कागद ओढला, पेनचं टोपण काढलं. “काय काम करता?”

“रक्ताच्या स्लाइडी तपासते. मायक्रोस्कोपवर.”

“अच्छा. मग तिथं कसं दिसतं?”

हे मला कोणीही विचारलं नव्हतं. मी ‘चांगलं’ म्हणायला तोंड उघडलं. ती वाट बघत राहिली. बाहेर कोणीतरी खोकत होतं. पेन कागदावर टेकलेलं होतं आणि ती माझ्याकडे बघत होती, घड्याळाकडे नाही.

“धूर दिसतो,” मी म्हटलं.

“कुठे? कडेला की मधे?”

“मधे. दोन्ही डोळ्यांत. कडा साफ असतात.” आणि मग मी थांबू शकले नाही. नळी फिरवली तर धूर फिरत नाही, स्लाइड सरकवली तर सरकत नाही, दिवा मंद केला की कमी होतो, उन्हात वाढतो, संध्याकाळी जातो, जवळचं जास्त पुसट दिसतं. सगळं आकड्यांसकट आणि महिन्यांसकट सांगितलं. सांगता सांगता मला ऐकू येत होतं की मी काय सांगतेय. घाणीची पाचवी जागा कुठली, हे एखाद्या पहिल्या वर्षाच्या मुलीनंही ओळखलं असतं.

तिनं पेनला टोपण लावलं. उठून खोलीतले सगळे दिवे लावले आणि बॅटरी पेटवून माझ्या डोळ्याच्या एका बाजूला धरली.

“आता वाचा तक्ता.”

पहिली ओळ आली. दुसरी आली. तिसरीत पाच अक्षरं होती. मी दोन सांगितली आणि दोन्ही चुकीची निघाली.

मग तिनं बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि अर्धा तास बाहेर बसवलं. परत आत घेऊन हनुवटी यंत्रावर टेकवायला लावली, प्रकाशाची बारीक फट माझ्या डोळ्यात सोडली. बराच वेळ पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मी काचेच्या दुसऱ्या बाजूला होते.

“मोतीबिंदूच आहे,” ती म्हणाली. “नेहमीचा नाही. डोळ्यातल्या भिंगाच्या मागच्या पृष्ठभागावर, बरोब्बर मधोमध साय धरलीय. उजेडात बाहुली बारीक झाली की सगळी नजर त्या सायीतूनच जाते. अंधारात बाहुली मोठी होते, मग कडेनं दिसतं. म्हणून तक्ता वाचता येतो. तुम्हाला दमा आहे का?”

“हो.”

“गोळ्या? स्टेरॉइडच्या?”

“अकरा वर्षं. अधूनमधून.”

“त्या गोळ्यांनी असा मोतीबिंदू लवकर होतो. कुणी विचारलं नाही?”

“नाही.”

“तुम्ही काय सांगितलं होतं त्यांना?”

“अंधारात दिसतं, उजेडात दिसत नाही.”

“मग सगळंच सांगितलं होतं की तुम्ही,” ती म्हणाली. तिला स्वतःच्या व्यवसायबंधूंचा राग आलेला दिसत होता. “अहो, ह्या एका वाक्यात निदान आहे. नुसतं ऐकायला हवं होतं.”

मला रडू आलं. तिनं हातरुमालाएवढा कापूस दिला आणि समजूत घातली की घाबरू नका, छोटं ऑपरेशन असतं, महिन्या-दीड महिन्यात दोन्ही डोळे स्वच्छ होतील, तोवर मायक्रोस्कोपला डोळा लावायचा नाही. तिला वाटलं मी सुटकेनं रडतेय. तसं ती समजली याचीही मला लाज वाटली.

“हे कधीपासून असेल?” मी विचारलं.

“वर्ष, दीड वर्ष. नेमकं नाही सांगता येणार.”

“अंदाज लिहून द्याल? दुसऱ्या एका बाईसाठी हवाय.”

तिनं भुवया उंचावल्या, पण लिहून दिला.

घरी नवऱ्यानं कागद वाचला आणि त्याचा जीव भांड्यात पडला. “चला, निदान कळलं तरी. रजा टाक, ऑपरेशन करून घे. कुणाला काय सांगायचंय? डोळे नीट झाले की तूच धाकटीला आत घे म्हणून सांग सरांना. तिचंही काम होईल, तुझंही नाव राहील.”

हे सगळं माझं येताना रिक्षात स्वतःशी बोलून झालं होतं, अगदी याच क्रमानं. त्याच्या तोंडून ऐकताना ते फार शहाणपणाचं वाटलं.

“आई, तुम्ही सांगा हिला,” नवरा म्हणाला.

सासूबाई अंथरुणाच्या घड्या घालत होत्या. “मी दोन वर्षं लपवलं,” त्या म्हणाल्या. “बसचा नंबर दिसायचा नाही, तर स्टॉपवर शेजारच्या बाईला विचारायचे, तुम्ही कुठं चाललात, आणि ती माझ्या वाटेची असली की ती चढेल तीच बस पकडायची.” नवरा हसला. त्या हसल्या नाहीत. “पण माझं काय, चुकली तर माझीच बस चुकायची,” त्या म्हणाल्या आणि उश्या उचलून आत गेल्या.

सकाळी मी आधी खिडकीवर गेले. रांग होती.

“धाकटे, जरा आत येतेस?”

“रांग आहे, ताई.”

“मग थांबते.”

मी तिच्या मागे उभी राहिले. तिनं मागे वळून पाहिलं नाही. चाळीस मिनिटं तिचे हात बघत होते. बोट दाबणं, टोचणं, थेंब काचेवर घेणं, पसरवणं. मी शिकवलेलं सगळं जसंच्या तसं. शेवटचा माणूस गेल्यावर तिनं हात धुतले आणि कागद घेतला. दोनदा वाचला.

“मला डोळे तपासायला पाठवलंत तुम्ही,” ती म्हणाली.

“हो.”

“रजा टाकून गेले मी. दुकानातला माणूस हसला. म्हणाला, बाई, तुम्हाला मुंगीचे पाय मोजता येतील.”

तिनं कागदाची घडी घातली.

“सरांना सांगितलंत?”

“आधी तुला.”

“मला आधी सांगून काय? मी काय करू ह्याचं?” तिनं कागद माझ्या हातात परत दिला. “चला.”

सरांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा उठून दार लावलं. मग नवऱ्यानं सांगितलं होतं तेच जरा सरकारी भाषेत सांगितलं. रजा मंजूर करतो, धाकटीबाईंना उद्यापासून आत घेतो, झालं गेलं विसरून जाऊ.

“त्या अकरा स्लाइडी?” मी म्हटलं. “आपल्याकडे दोन वर्षं ठेवतात. पेट्यांत आहेत. त्या परत वाचायला हव्यात. मग बाकीच्यांच्याही, मी निगेटिव्ह म्हटलेल्या सगळ्या.”

“बाई, कशाला उकरता? आणि वाचणार कोण?”

मी धाकटीकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

“वाचते,” ती म्हणाली. “पण ताईंनी समोर बसून लिहायचं. मी बोलेन ते.”

मी त्या अकरा स्लाइडी काढल्या, त्यांत माझे डोळे बिघडायच्या आधीच्या, नक्की निगेटिव्ह असलेल्या दुसऱ्या अकरा मिसळल्या, पेनाचे ठिपके पुसले, नंबरांवर कागद चिकटवले आणि बावीसही पिसून तिच्यापुढे ठेवल्या.

“अजून परीक्षाच का?” तिनं विचारलं.

“तुझी नाही. उद्या कुणी म्हणायला नको की तुला माहीत होत्या.”

तिला ते पटलं. तिनं दिवा तिला हवा तसा लावला आणि वाचायला सुरुवात केली. पाच तास लागले. ती एकेक बोलत गेली, मी लिहीत गेले. शेवटी कागद काढले तेव्हा अकरापैकी दहा पॉझिटिव्ह होत्या. अकराव्या स्लाइडवर तिनं स्वतःच या वेळी ‘रंगाचे कण’ म्हटलं होतं.

“ही माझी चुकली होती,” ती म्हणाली. “ही एक तुमची बरोबर.”

दहा माणसं. त्यांतला बसवाला दवाखान्यात होता आणि आता उठून बसायला लागला होता. राहिले नऊ. सर म्हणाले ते आपण सावकाश बघू, पण फोन सरांच्या टेबलावरच होता आणि ते जेवायला गेले होते. रजिस्टरमध्ये सहा जणांपुढे फोननंबर होते. मला ते बारीक आकडे दिसेनात. धाकटीनं वाचून दाखवले, मी फिरवले.

पहिला फोन एका बाईनं उचलला. सहा वर्षांच्या मुलीचं रक्त होतं. मी कुठून बोलतेय ते सांगितलं आणि पाठ केल्यासारखं म्हटलं, की चार महिन्यांपूर्वी तुमच्या मुलीचा रिपोर्ट निगेटिव्ह दिला होता, तो चुकीचा होता, ती चूक माझी होती.

“हो, मलेरियाच निघाला तिला,” बाई म्हणाली. “दुसरीकडे तपासला. आता ठीक आहे, शाळेत गेलीय. पण तुमच्याकडून आला होता की फोन, तेव्हाच.”

“आमच्याकडून?”

“एक बाई होत्या. म्हणाल्या, रिपोर्टवर जाऊ नका, ताप उतरला नाही तर दुसरीकडे कुठेही दाखवा, पण दाखवाच. नाव नाही सांगितलं त्यांनी. तुम्हीच का त्या?”

“नाही,” मी म्हटलं.

फोन ठेवला. धाकटी रजिस्टरच्या पानावर बोट धरून बसली होती, पुढच्या नंबरावर.

“किती जणांना केलास?”

“ह्या सहांना. बाकीच्यांचे नंबर नव्हते. बसवाल्याचा पण नव्हता.” मग ती म्हणाली, “पत्ता होता त्याचा. मी गेले नाही. जायला हवं होतं.”

“मला का नाही सांगितलंस, धाकटे?”

तिनं मान वर केली. चेहऱ्याच्या जागी मला पांढरा धूर दिसत होता, आवाज तेवढा स्पष्ट होता.

“सांगत होते ना, ताई,” ती म्हणाली. “अकरा वेळा सांगितलं.”

मग तिनं पुढचा नंबर वाचला, आणि ज्या तिघांचे फक्त पत्ते होते, ते मी एका वेगळ्या कागदावर तिच्याकडून उतरवून घेतले.